माणशी एक गोळी

हिंमतराव पाटील सोलापूरच्या दवाखान्यातनं परत आला, तो आजारी माणसासारखा आलाच नाही. तेरच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना त्यानं फेट्याचा शेमला असा उडवला, की टपावरच्या पाटीतल्या कोंबड्यांना वाटलं घार आली.

"किती निघालं, पाटील?" पारावरनं कुणीतरी हाळी दिली.

"दोनशेच्या वर! डागदरानं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबत गेला, पारा आपला चढतोयच, चढतोयच. काच फोडून छताला लागतो का काय म्हणून डागदर खुर्चीवरनं हुबा ऱ्हायला."

"आन् तहसीलदारसायबाचं किती हाय म्हणं?"

"दीडशे. तेबी पगार घेऊन."

पारावरच्या माना डोलल्या. निजामाचं राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्यात गेला, कुळकायद्यात पाटलांचा माळाकडचा तुकडा गेला. पण रक्ताच्या दाबात पाटलांचं घर अजून तहसीलीच्या वर होतं, एवढी तसल्ली गावाला पुरेशी होती.

त्याच्या मागनं त्याची बायको कडूबाई उतरली. पदराखाली गोळ्यांची बाटली. तिला या आकड्याचं कौतुक नव्हतं. बैलबाजारात एका दलालावर ओरडता ओरडता नवऱ्याच्या नाकाचा घोळणा फुटला, सदरा लाल झाला, तेव्हा तिनंच त्याला ओढून सोलापूरला नेलं होतं. सासरा महारुद्र पाटील असाच ओरडता ओरडता तोंडानं वाकडा झाला होता. त्या वाकड्या तोंडात पेजेचा चमचा तिनंच घातलेला. निम्मी पेज पोटात जायची, निम्मी उशीवर. नवऱ्याच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढं एकच मागणं ती सोलापूर ते तेर तुळजाभवानीच्या कानी घालत आली होती.

डॉक्टर मराठीच बोलला होता, पण छापील. रोज एक गोळी, बरं वाटलं तरी सोडायची नाही. मीठ बंद. राग बंद. आणि वडील कशानं गेले ते ऐकल्यावर तो म्हणाला होता, "हा आजार रक्तातूनच येतो, बाई. यांच्या भावांनाही असणार."

कडूबाईनं शाळेची पायरी पाहिली नव्हती, पण डोकं जाग्यावर होतं. राग बंद हे डॉक्टर थट्टेनं म्हणाला, हे तिनं ओळखलं. मीठ बंद म्हणजे आपल्या हातची आमटी खारट होते, हा टोमणा. तो तिनं मनाला लावून घेतला नाही. रक्ताची गोष्ट मात्र तिला लख्ख पटली. रक्त एक, म्हणजे रोग एक. मग औषध एकट्याला कसं?

त्यातून त्या घरात एकट्यानं काही खायची रीतच नव्हती. सासूनं घालून दिलेला दंडक. एकदा हैदराबादहून एकच सफरचंद आलं, तर त्याच्या फोडी इतक्या पातळ झाल्या की एकेका फोडीतनं नदीपलीकडची शिवारं दिसत होती. अशा घरात थोरल्यानं गोळी खायची आणि बाकीच्यांनी बघत बसायचं?

कडूबाईनं येसर करायला घेतलं. बाजरी, डाळ, धने, खोबरं, मिरच्या भाजून, मीठ घालून दळलेलं हे पीठ मूठभर उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी. ते दळताना तिनं माणशी एक या हिशेबानं गोळ्या जात्याच्या तोंडात टाकल्या. बाटली संपली की मधला दीर लिंबाजी सोलापूरला जाई आणि दुसरी घेऊन येई. दवाखान्यात कुणी विचारलंच तर म्हणे, "आमचं खानदान मोठं हाय."

आणि गुण आला. असा आला, की विचारू नका. ज्या घरातलं भांडण तेरणेच्या पलीकडं ऐकू जायचं, तिथं चिमण्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. गडी मोट हाकताना उभ्या उभ्या पेंगला, तर बैलांनी आपल्या आपणच चार वाफे भिजवले. सगळ्यांची नाकं चोंदली. ती येसराच्या ठसक्यानं, असं लिंबाजीनं ठरवलं. आणि हिंमतराव? म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली, तर म्हशीला म्हणाला, "असू दे माय, हुतं असं कवाकवा."

कडूबाईनं भवानीला साडी बोलली होती, ती घ्यायला ती निघणार, तोच उन्हाळा आला. कोर्टाला सुट्टी लागली. आणि उस्मानाबादहून सगळ्यांत धाकटा भाऊ रामलिंग आपली बायको वनमाला हिला घेऊन हजर झाला.

रामलिंग वकील. हैदराबादेत शिकून आलेला, बी.ए. एलएल.बी. निजामाच्या अमलात उर्दूतनं वकिली केली, आता मराठीतनं करायचा, पण 'माणूस मेला' म्हणायचं तर 'बाब निकाली निघाली' म्हणायचा. नदीकाठच्या बागायतीवर त्याचा डोळा होता. आजवर वाटणी मागायला त्याला कारण नव्हतं. ते या वर्षी भावाच्या दंडात सापडलं.

"दादा, तुमची तबियत मला कळली," तो पहिल्याच संध्याकाळी म्हणाला. "दाब म्हणजे ताण. ताणाचं कारण जमीन. कारण हटवलं की कार्य आपोआप हटतं. तुमच्या जिवासाठी म्हणून सांगतो, बागायतीचा बोजा मी माझ्या अंगावर घेतो."

"बरं," हिंमतराव म्हणाला आणि भिंतीला टेकून झोपला.

रामलिंग चकितच झाला. हा मुकदमा इतका सोपा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. वाटणीसाठी त्यानं पाहुण्यांना पुढल्या अमावास्येनंतरचा दिवस कळवून टाकला.

वनमालाला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ती सातवी पास. रोगाबिगाची माहिती आली की आठवडी अंकातलं पान कापून ट्रंकेत ठेवायची. दाबाची दोन पानं तिच्या ट्रंकेत होती, ती मोठ्या दिरांसाठी नव्हती. फाल्गुनात उस्मानाबादच्या डॉक्टरनं रामलिंगच्या दंडाला पट्टा बांधला, तेव्हा पारा दादांच्याही वर गेला होता.

रामलिंगनं गोळ्या आणल्या, आठवडाभर नेमानं घेतल्या, पुन्हा मोजून घेतलं. पारा उतरला होता. "फैसला झाला," तो म्हणाला, "मिसल दाखल दफ्तर," आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या.

"अहो, पण डॉक्टर म्हणाले होते, कायमच्या घ्यायच्या."

"अडाणी पेशंटला तसंच सांगावं लागतं. सुशिक्षित माणसाचा मनावर ताबा असतो. आणि हे कुठं बोलू नकोस. वकिलाचं डोकं दुखतं हे कळलं तर पक्षकार दुसऱ्याच्या दारात जातील."

डोकं दुखतच होतं. चैत्रापासून तो कपाळाला रुमाल बांधून खटल्यांच्या मिसली वाचायचा. वनमाला ते पाहायची आणि ट्रंक उघडून तीच दोन पानं पुन्हा वाचायची. नवऱ्यावर तिचं शिक्षण चालत नव्हतं. मग ते कुठंतरी चालवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कडूबाईच्या चुलीपाशी उभी राहिली.

"जाऊबाई, दादांच्या आमटीत मीठ?"

"मग काय साखर घालू?"

"डॉक्टरनं बंद सांगितलं नव्हतं का? मिठानं रक्त फुगतं. माझ्याकडं छापील आहे."

"छापील हाय?" कडूबाईचा हात थबकला. छापील म्हटल्यावर तिला थोडी धास्ती वाटायची. "पर येसरातच मीठ हाय, बाई. दळतानाच घालतो आमी."

"मग त्यांना येसर नको. त्यांचं पातेलं वेगळं करा. नुसती डाळ शिजवा."

कडूबाई घुटमळली. येसरात काय आहे ते वकिलीणबाईला सांगावं का? सांगितलं तर ही आणखी एखादं पान काढणार. आणि तिला तशी काळजीही वाटली नाही. लिंबाजी खात होता, रामलिंग खात होता, दोन्ही वेळा ओरपून खात होता. रक्त तर एकच. कुठल्याही पाटानं सोडलं तरी पाणी वाफ्याला पोचतंच की.

तेव्हापासून हिंमतरावाच्या ताटात पांढरी डाळ पडू लागली. पहिल्या घासालाच तो म्हणाला, "कोण मेलंय?"

"कुणी न्हाय. तुमी मरू नये म्हणून हाय."

त्याची दया आली ती लिंबाजीला. लिंबाजी चौथी पास, आणि बागायतीच्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन त्याच्या ताब्यात. जगातली कुठलीही गोष्ट त्याला त्या इंजिनावरनं कळायची. दुपारी गोठ्यामागं त्यानं भावाला हळूच लोणच्याची बरणी दिली.

"खा दादा. दाब वाढला म्हंजी आत घासतंय. वंगण पायजे. वंगणाबिगर इंजिन जाम हुतं का न्हाय? लोणच्यात तेल किती हाय बघ!"

"आन् मीठ?"

"तेलात बुडालेलं मीठ मीठ ऱ्हातंय व्हय?"

हिंमतरावाला ते पटलं. पटायला त्याला नेहमीच लोणच्याएवढं कारण पुरायचं. अमावास्येपर्यंत बरणीचा तळ दिसला.

इकडं घर शांत होत गेलं आणि तिकडं हिंमतराव जागा होत गेला. आधी गड्यावर गुरगुरला. मग म्हशीवर. मग वेगळं पातेलं उचलून अंगणात फेकलं, तर ते लागून कुंपणावरचा सरडा म्हणे तीन रंग विसरला. रामलिंगचं मात्र बरं चाललं होतं. कपाळाचा रुमाल सुटला होता. "गावची हवा," तो नाकातनं म्हणायचा. "पन्नास औषधांच्या तोंडात मारेल!"

वाटणीच्या दिवशी लिंबाच्या सावलीत जाजम पडलं. कडूबाईनं सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. येसर आमटीवर पाहुण्यांनी आडवा हात मारला. हिंमतरावापुढं पांढरी डाळ. जेवणं आटोपली आणि रामलिंग उभा राहिला.

"दादा, ठंड्या डोक्यानं ऐका. हे कुणाच्या फायद्यासाठी नाही. मेडिकल पॉइंट आहे."

"कसला पाइंट?" हिंमतराव गरजला. "बापाच्या हातची बागाईत तुझ्या घशात घालायचा पाइंट? म्या रक्त आटवलं त्या मळ्यात!"

"तेच म्हणतो मी. रक्त. म्हणजे..." रामलिंगला जांभई आली. "म्हणजे आपलं... जे असेल ते."

"काय जे असंल ते? बोल की!"

"नाही, तुमचंही खरं आहे, दादा."

हिंमतराव गोंधळला. भाऊ असा कधी बोलला नव्हता. तो लिंबाजीकडं वळला. "आन् तू रं? तुझा वाटा घेतोय ह्यो!"

"घेऊ दे की," लिंबाजी डोळे मिटून म्हणाला. "न्हायतर न घेऊ दे."

पाहुणे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून बसले होते. आयुष्यभर ज्याच्याशी कुणी ना कुणी भांडत आलं, त्या माणसाला ही शांतता सोसेना. बंद दारावर खांदा मारावा आणि दार उघडंच असावं, तसं त्याचं झालं. तो आणखी जोरात ओरडला, मग त्याहून जोरात. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या.

"अरं, भांडा की! एकबी मर्द न्हाय व्हय ह्या घरात? भांडा माज्यासंगं, भां..."

शब्द मध्येच घसरला. तोंडाची एक बाजू खाली आली, ओठातनं लाळ सुटली. पेंगलेल्या मंडळींना वाटलं, दादा भावाला वेडावून दाखवतोय. एक पाहुणा तर खुदकन हसला. कडूबाई हसली नाही. ते तोंड तिनं ओळखलं. हातातलं पाण्याचं भांडं टाकून ती धावली. हिंमतरावाचा उजवा हात तिच्या खांद्यावर ओल्या धोतरासारखा पडला.

सोलापूरला डॉक्टरनं पट्टा सोडला आणि तो कडूबाईवर उखडला. शेजारी वनमाला उभी होती. रामलिंग बाहेर व्हरांड्यात कंपाउंडरला रक्ताभिसरण समजावत होता.

"जीव वाचला. पण बाई, गोळ्या बंद केल्या होत्या ना?"

"बंद?" कडूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात ठसका. "रोज माणशी एक देत हुते म्या!"

"माणशी?"

मग येसर निघालं, जातं निघालं, सासूचा दंडक निघाला. डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि यांना?"

"यांनाबी. आदी. मग यांचं मीठ बंद झालं म्हणून यांचं येसर..." कडूबाई बोलता बोलता थांबली. आपलंच वाक्य तिला पुढं जाऊ देईना. "पर भाऊ खात हुते की, सायेब. तुमीच म्हणला हुता, रक्तातनं येतंय. रक्त तर एकच हाय."

डॉक्टरनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आपण तसं म्हणालो होतो, हे त्याला आठवत होतं. वनमालानं पदर तोंडाशी धरला. वेगळं पातेलं तिनं सांगितलं होतं. ते छापील होतं आणि खरंही होतं, आणि दादांचं तोंड वाकडं झालं होतं.

तेवढ्यात रामलिंग आत आला. "डॉक्टर, माझाही दंड बघून घ्या जरा. या कंपाउंडरला वाटतं, भावाला आहे म्हणजे मलाही असणार."

पट्टा बांधला गेला. फुगा दाबला गेला. पारा शहाण्या मुलासारखा जाग्यावर बसला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाला. "औषध असंच चालू ठेवा."

"मी औषधाचा कणही घेत नाही," रामलिंग हसला. "मनावर ताबा. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग पाहिजे!" आणि कंपाउंडरला निकाल कळवायला तो बाहेर गेला.

आत वनमालाला फाल्गुनातला पारा आठवला, चैत्रातला रुमाल आठवला, आणि सुट्टीतली ओरपलेली आमटी.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "ते येसर मला दर महिन्याला धाडाल?"

"गोळी सरळ द्या की तुमच्या मालकाला."

"सरळ? त्यांना सरळ काही देता येत असतं तर मी ट्रंकेत पानं कशाला जपली असती? गोळी दिली की कायदा काढतात. आमटी मात्र मुकाट्यानं पितात."

कडूबाईनं डोळे पुसले. नवऱ्याचा अर्धा जीव खाटेवर होता, पण उरलेला अर्धा, म्हणजे ती स्वतः, घर सांभाळायला शिल्लक होता. "आन् वाटणी?"

"कसली वाटणी? चुली वेगळ्या झाल्यावर येसर कुठल्या तोंडानं मागू?"

"बागाईतीचं नाव निघायचं न्हाय पुन्यांदा. तुमच्या ट्रंकेतनंबी न्हाय."

"नाही निघणार. मी बघते."

डॉक्टर दोघींना दटावून म्हणाला, पोरांना नाही, गड्यांना नाही. ज्याला रोग त्यालाच, आणि दिवसाला एका वाटीत एकच गोळी. येसराचं दळण त्या दिवसापासून दोन डब्यांत गेलं, आणि वकिलाच्या डब्याला कडूबाईनं लाल चिंधी बांधली.

हिंमतराव घरी आला, तेव्हा उजव्या हातात पेला धरवत नव्हता. सगळी मंडळी पंगतीला बसली असताना कडूबाईनं त्याच्यापुढं एक गोळी ठेवली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग भावांकडं, मग डाव्या हातानं गोळी पुढं सरकवली. एवढ्या माणसांत एकट्यानं काही तोंडात टाकायचं, ही चोरी त्यानं जन्मात केली नव्हती.

"गिळा," कडूबाई म्हणाली. "ह्यात कुणाचा वाटा न्हाय."

त्यानं मान खाली घातली आणि गिळली. रामलिंगला ते दृश्य फार उद्बोधक वाटलं.

"हेच मी म्हणतो, वनमाला. अशिक्षित माणसाला जन्मभर गोळी लागते. मला बघ. बरं, वाटणीचं मी पुढं ढकललंय. तू म्हणतेस तसं, दादांना या स्थितीत त्रास नको. वाढ आमटी. काय चव आहे! आणखी वाढ."

वनमालानं वाटीवर हात आडवा धरला. "एकच."

"एकच? माझ्या बापाच्या घरात? दादा, बघा, भावाला आमटी मोजून मिळतेय इथं!"

हिंमतरावाला सगळं ठाऊक होतं; परतीच्या एस.टी.त कडूबाईनं ते त्याच्या कानावर घातलं होतं. तो हसला. हसू डाव्या गालावर चढलं आणि उजवीकडं जाता जाता ओठाशीच अडलं.

"तू... शिकलेला हाईस, रामा," तो तुटक तुटक म्हणाला. "म्हणून... एकीत... भागतंय. अडाण्याला... कमी पडली असती."

रामलिंगला तो मानाचा शब्द वाटला. थोरल्या भावानं शिक्षणाची कदर आजवर कधी केली नव्हती. समाधानानं त्यानं वाटीत बोट फिरवलं, कडेला लागलेलं येसर निपटून चाटलं, आणि वनमालानं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्याला औषध शेवटच्या थेंबापर्यंत घेताना पाहिलं.